खेळाच्या दारावरचे चित्र

जत्रेत तंबूच्या बाहेर एक रंगविलेला पडदा टांगलेला असे. त्यावर वाघाशी झुंजणारा पहिलवान असे, वाघाच्या डोळ्यांत अंगार असे, आणि तिकीट काढून आत शिरलेल्या माणसाला पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पेंगत पडलेला एक वृद्ध वाघ तेवढा दिसे. पैसे मात्र बाहेरच्या वाघाचे घेतलेले असत. दूरचित्रवाणीच्या आणि संगणकाच्या पडद्यावर खेळावयाच्या खेळांचा व्यापार गेली जवळजवळ पन्नास वर्षे ह्याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे. बाहेरचा वाघ आणि आतला वाघ ह्यांत अंतर किती असावे?

कापडाचा पोत बोटांना कळतो, आंबा वासावरून ओळखता येतो. पडद्यावरचा खेळ मात्र घरी नेऊन खेळल्यावाचून कळत नाही. म्हणून विकणाऱ्याला त्याच्या दारावर एक चित्र लावणे भाग पडते. हे चित्र आरंभी पुठ्ठ्याच्या खोक्यावर होते, पुढे ते कॅसेटच्या चिमुकल्या वेष्टनात शिरले आणि हल्ली ते संकेतस्थळाच्या पानावर शीर्षचित्र होऊन बसले आहे. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी मुले आणि नातवंडे संगणकापुढे बसून अशा चित्रांच्या रांगाच्या रांगा बोटाने वर ढकलीत असतात. एका चित्रावर ते बोट क्षणभर थांबते आणि पुढे जाते. त्या क्षणभराच्या थांबण्यावर कोणा एका निर्मात्याची तीनचार वर्षांची मेहनत टांगलेली असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ह्या कथेचा आरंभ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सनीव्हेल ह्या गावी झाला असे म्हणावयास हरकत नाही. तेथील अटारी ह्या कंपनीने १९७७ च्या सप्टेंबरात घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाचे एक खेळयंत्र विक्रीस काढले आणि त्याबरोबर नऊ खेळ बाजारात आणले. यंत्राची स्मृती होती १२८ बाइटांची. एका बाइटमध्ये एक इंग्रजी अक्षर मावते असे धरले, तर ही स्मृती म्हणजे पत्रातली जेमतेम दोन वाक्ये. एवढ्याशा जागेत रणगाडा बसवावयाचा तर तो रणगाडा कसा दिसणार? चारसहा चौकोन एकमेकांना चिकटवलेले, पुढे नळीदाखल एक रेघ. यंत्रासोबत मिळणाऱ्या ‘कॉम्बॅट’ ह्या खेळात असे दोन रणगाडे एकमेकांवर ठिपके फेकीत असत. तोफगोळा तो हाच.

खोक्यावर मात्र निराळेच जग होते. क्लिफ स्पॉन ह्या चित्रकाराने ‘कॉम्बॅट’साठी रंगविलेल्या चित्रात रणगाडे आणि विमाने एकाच चौकटीत एकमेकांवर चाल करून येतात, कुंचल्याच्या फटकाऱ्यांतून धुरळा उठतो आणि सगळे चित्र वेगाने पुढे धावत असल्याचा भास होतो. एकाच चित्रात अनेक प्रसंग गुंफण्याची ही पद्धत कंपनीला इतकी मानवली की पुढे कित्येक वर्षे तिच्या खोक्यांचा चेहरा त्याच वळणाचा राहिला.

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी संभावना करून हे प्रकरण सहज मोकळे करता येईल, पण तो न्याय होणार नाही. त्या काळच्या मुलाला खोक्यावरचे चित्र आणि पडद्यावरचे चौकोन ह्यांतला फरक दिसत नसे असे नाही. तो खोके यंत्राशेजारी ठेवी, एकदा चित्राकडे आणि एकदा पडद्याकडे पाही, आणि चित्रातला धुरळा मनाने चौकोनांवर चढवी. लहान मुले अंगणात काठीचा घोडा करतात तेव्हा त्यांना ती काठी दिसत नसते थोडीच! घोडा पूर्वी कोठेतरी पाहिलेला असला म्हणजे काठी पुरते. स्पॉन आणि त्यांचे सहकारी मुलांना हा घोडा दाखवीत होते. यंत्रात जे मावले नाही ते त्यांनी पुठ्ठ्यावर आणून ठेवले, आणि म्हणून त्या काळी चित्र हा निम्मा खेळच होता.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे वॉरन रॉबिनेट ह्यांनी तयार केलेला आणि १९८० मध्ये बाजारात आलेला ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ. सूझन जेकेल ह्या चित्रकर्तीने त्याच्या खोक्यासाठी चक्रव्यूहासारख्या वाटा, किल्ला आणि अक्राळविक्राळ ड्रॅगन रंगविला. पडद्यावर ह्यांतले काय उतरले? खेळाचा नायक म्हणजे एक चौकोन, आणि ड्रॅगन तर हुबेहूब बदकासारखा. तरीही ज्यांनी तो खेळ खेळला, ते आज साठीकडे झुकलेले लोक त्या बदकाची भीती वाटल्याचे सांगतात. ती भीती जेकेल ह्यांच्या कुंचल्यातून आली होती.

ह्याच खेळात एक लहानशी चोरी, किंवा बंड म्हणा, दडलेले होते. खेळ ज्याने रचला त्याचे नाव त्या कंपनीच्या मालावर कोठेही छापले जात नसे. रॉबिनेट ह्यांना हे खटकले. त्यांनी खेळाच्या आत एक गुप्त दालन बांधले, त्यात आपले नाव लिहून ठेवले आणि कोणाला काही न सांगता ते नोकरी सोडून निघून गेले. पुढे साल्ट लेक सिटीतील एका मुलाला ते दालन सापडले. त्याने कंपनीला पत्र लिहिले तेव्हा कोठे तिला आपल्याच घरातली ही खोली ठाऊक झाली. खोक्यावर चित्रे काढणाऱ्यांना तर असे दालन बांधण्याचीही सोय नव्हती. स्पॉन, जेकेल आणि त्यांच्या सोबत्यांची नावे रसिकांपर्यंत नीटपणे पोहोचावयास २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी टिम लॅपेटिनो ह्यांचा ‘आर्ट ऑफ अटारी’ हा ग्रंथ निघाला आणि लहानपणी ज्या चित्रांवर आपण पोसलो ती कोणी काढली होती, हे प्रौढ झालेल्या खेळाडूंना समजले.

नावाच्या ह्याच प्रश्नावरून अटारीत फूट पडली. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चार रचनाकार बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. तिने रचनाकाराचे नाव तर दिलेच, पण आणखी एक गोष्ट केली. खोक्यावरचे चित्र पडद्यावरच्या चित्राच्या जवळ आणले. सपाट, स्वच्छ रंग, मोजक्या आकृत्या आणि खेळात जे दिसणार त्याचीच थोडी नीटस केलेली आवृत्ती. क्रेन ह्यांचा १९८२ मधील ‘पिटफॉल’ घेतला तर दलदलीवरून वेलीला लोंबकळत जाणारा माणूस खोक्यावरही होता आणि आतही होता. जेकेल ह्यांच्या ड्रॅगनापुढे हे चित्र फिके वाटेल, परंतु घरी जाऊन खोके उघडणाऱ्याला त्यात फसल्याची भावना येत नसे. चित्राने खेळाच्या पुढे धावावे की बरोबर चालावे, हा वाद येथे प्रथम उभा राहिला.

ह्या वादाचा निकाल कलेने लावला नाही, बाजाराने लावला. १९८२ च्या सुमारास खेळांचा असा पूर लोटला की कोण काय विकतो आहे ह्याला धरबंध राहिला नाही. खोक्यावरची चित्रे दिवसेंदिवस भव्य होत होती आणि आतला माल दिवसेंदिवस पातळ. स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांच्या ‘ई.टी.’ ह्या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ नाताळच्या हंगामात दुकानी पोहोचावा म्हणून रचनाकार हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्यांना अवघे पाच आठवडे मिळाले होते. खोक्यावर चित्रपटातला लाडका पाहुणा होता. आत तो पुनःपुन्हा खड्ड्यात पडे आणि मान लांबवून कष्टाने वर येई. १९८३ च्या सप्टेंबरात अटारीने न्यू मेक्सिको राज्यात ॲलामोगोर्डो गावाबाहेरच्या कचराभूमीत न खपलेला माल गाडून टाकला. ही गोष्ट बरीच वर्षे दंतकथा मानली जात होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथे खोदकाम झाले आणि मातीखालून खेळांची कार्ट्रिजे व चेपलेली खोकी बाहेर आली. अमेरिकेतील त्या धंद्याचे पतन खोक्यावरच्या चित्रांमुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. मालाचा सुकाळ, दर्जाचा दुष्काळ आणि घरगुती संगणकांची स्पर्धा ही कारणे मोठी होती. मात्र चित्रावरचा विश्वास जो उडाला तो ह्याच पडझडीत उडाला.

तो विश्वास परत मिळविण्याचे काम एका जपानी कंपनीने केले, आणि तिची युक्ती अशी सरळ होती की तिला युक्ती म्हणावयासही संकोच वाटावा. १९८५ च्या अखेरीस निन्टेंडोने न्यूयॉर्क शहरात आपले यंत्र विकावयास आरंभ केला. सोबतच्या खेळांची खोकी काळी होती. त्यांवर कुंचल्याने रंगविलेले काहीही नव्हते. खेळातलीच आकृती मोठी करून, तिच्या चौकोनी ठिपक्यांसकट, छापलेली होती. ह्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. मारिओ नावाचा तो मिशाळ, ठेंगणा माणूस पडद्यावर जसा ठिपक्याठिपक्यांचा होता तसाच खोक्यावर होता. आठ वर्षांपूर्वी जे झाकण्यासाठी चित्रकार नेमावे लागत, तेच आता उघड करून दाखविण्यात प्रतिष्ठा आली. ‘जे बाहेर आहे तेच आत आहे’ असे ती काळी खोकी दुकानदाराला आणि पालकाला सांगत होती. दोन वर्षांनी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ अमेरिकेत आला तेव्हा तर कंपनीने सोनेरी खोक्याला एक लहानशी खिडकीच कापून ठेवली. तिच्यातून आतले सोनेरी कार्ट्रिज दिसे. चित्राची जागा प्रत्यक्ष वस्तूने घ्यावी, ह्यापलीकडे प्रामाणिकपणा तो कोणता?

काळ्या खोक्यांचा हा कडक संयम फार काळ टिकला नाही. खेळ जपानात तयार व्हावयाचा आणि अमेरिकेत विकला जावयाचा म्हटल्यावर चित्राला भाषांतराची गरज भासू लागली, आणि भाषांतर करणारा जर मूळ ग्रंथ न वाचताच लिहू लागला तर जे होते ते झाले. १९८७ मध्ये कॅपकॉम कंपनीने ‘रॉकमॅन’ नावाचा खेळ काढला. त्याचा नायक म्हणजे निळ्या रंगाचा, गोल चेहऱ्याचा एक यंत्रबालक, ज्याचा हात हीच तोफ. अमेरिकेत ह्या खेळाचे नाव ‘मेगा मॅन’ झाले आणि खोक्यावर अवतरला तो निळ्यापिवळ्या पोशाखातला, अवघडून उभा राहिलेला, हातात पिस्तूल धरलेला एक मध्यमवयीन गृहस्थ. त्याच्या चेहऱ्यावर, आपण येथे कसे आलो, असा भाव स्पष्ट दिसतो. खेळ उत्तम होता आणि चित्राने त्याची जी शोभा केली ती आजतागायत सांगितली जाते. कंपनीच्या विनोदबुद्धीचे मात्र कौतुक केले पाहिजे. २०१२ मध्ये तिने आपल्या एका मुष्टियुद्धाच्या खेळात ह्याच गृहस्थाला, पोट सुटलेल्या अवस्थेत, पात्र म्हणून उतरविले.

किर्बी नावाच्या गुलाबी गोळ्याची तऱ्हा निराळी. जपानी खोक्यावर तो हसरा असे आणि अमेरिकेत जाताना त्याच्या भुवया वाकड्या होऊन तो रागीट होई. अमेरिकन मुलाला लढाऊ चेहरा आवडतो, अशी विक्रेत्यांची समजूत होती. त्याहून गंभीर प्रकार २००१ मध्ये ‘इको’ ह्या खेळाच्या बाबतीत घडला. डोक्यावर शिंगे असलेला एक मुलगा एका मुलीचा हात धरून ओसाड किल्ल्यातून बाहेर पडू पाहतो, एवढीच त्याची कथा. दिग्दर्शक फुमितो उएदा ह्यांनी जपानी आवृत्तीसाठी स्वतः चित्र काढले. इटालियन चित्रकार जॉर्जो दे किरिको ह्यांच्या ‘नॉस्टॅल्जिया ऑफ द इन्फिनिट’ ह्या चित्रावरून त्यांना ते सुचले होते. उन्हात न्हालेल्या विस्तीर्ण भिंती, लांबलांब सावल्या आणि त्यांत हात धरून धावणाऱ्या दोन चिमुकल्या आकृत्या. खेळातला एकांत त्या चित्रात जसाच्या तसा उतरला होता. अमेरिकेतील खोक्यावर मात्र त्या मुलाचा मोठा, ओबडधोबड चेहरा छापला गेला. तेथे खेळ फारसा खपला नाही. त्याचे खापर पुष्कळांनी त्या चित्रावर फोडले. ते सर्वस्वी खरे नसेलही, परंतु दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ते खोटे आहे असे म्हणण्याचा धीर होणार नाही.

इंग्लंडात ह्याच सुमारास निराळा संसार चालू होता. १९८२ मध्ये निघालेल्या झेड एक्स स्पेक्ट्रम ह्या स्वस्त संगणकाचे खेळ गाण्याच्या असतात तसल्या कॅसेटवर येत. चित्राला जागा मिळे ती कॅसेटच्या डबीएवढी. मँचेस्टरच्या ओशन कंपनीसाठी बॉब वेकलिन ह्यांनी त्या डबीत मावतील अशी शेकडो दृश्ये ठासून भरली. लिव्हरपूलच्या सिग्नॉसिस कंपनीने उलट टोक गाठले. संगीताच्या तबकड्यांची वेष्टने रंगवून कीर्तिमान झालेल्या रॉजर डीन ह्यांच्याकडून तिने स्वप्नातल्यासारखे प्रदेश रंगवून घेतले. तिच्या १९८९ मधील ‘शॅडो ऑफ द बीस्ट’ ह्या खेळाच्या मोठ्या खोक्यात डीन ह्यांचे चित्र छापलेला एक सदराही मिळे आणि किंमत सुमारे ३५ पौंड पडे. खेळ कठीण आणि काहीसा कोरडा होता. सदरा मात्र बरीच वर्षे टिकला असणार.

हिंदुस्थानातील १९९० नंतरच्या दशकातला अनुभव ह्या सर्वांहून मासलेवाईक होता. मुंबई-पुण्यापासून इंदूर, बडोदे, बेळगावपर्यंतच्या बाजारपेठांत निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला आणि त्यांची पिवळी, काळी कार्ट्रिजे विकली जात. कार्ट्रिजावरच्या कागदावर एकात ९९,९९,९९९ खेळ असल्याचा पुकारा असे आणि चित्रात कोठल्या चित्रपटातला नायक, कोठले यंत्रमानव आणि कोठल्या मोटारी एकत्र नांदत. त्यांपैकी एकही आत नसे. आत पाचदहा खेळ असत आणि तेच वेगवेगळ्या क्रमांकांखाली पुनःपुन्हा येत. गंमत अशी की हे ठाऊक असूनही मुले चित्र पाहूनच कार्ट्रिज निवडीत, आणि मित्राच्या कार्ट्रिजाशी अदलाबदल करताना चित्राची किंमत वेगळी धरीत.

तोवर चित्राच्या पायाखालची जमीनच सरकू लागली होती. १९९३ च्या डिसेंबरात टेक्सासमधील काही तरुणांनी ‘डूम’ नावाचा खेळ काढला. त्याचा पहिला भाग कोणीही फुकट उतरवून घ्यावा, आवडल्यास पुढचे भाग विकत घ्यावेत, अशी व्यवस्था होती. शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही सोय झाल्यावर खोक्यावरच्या चित्राचे प्रयोजन काय उरले? तरीही डॉन इव्हान पुंचाट्झ ह्यांनी त्या खेळासाठी रंगविलेले चित्र, टेकाडावर उभा असलेला सैनिक आणि चहूंकडून त्याच्यावर चढणारे दैत्य, त्या धंद्यातील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकी एक ठरले. चित्रासाठी मॉडेल म्हणून आलेल्या माणसाला सैनिकाने कसे उभे राहावे ते काही केल्या साधेना. तेव्हा खेळाचे एक रचनाकार जॉन रोमेरो ह्यांनी स्वतः अंगरखा काढून तो पवित्रा घेतला, अशी आठवण त्यांनीच पुढे सांगितली आहे. ग्राहकाने खेळ आधी पाहिलेला होता. चित्र आता त्याला भुलविण्याकरिता उरले नव्हते. जे खेळलो ते असे होते, ह्याची खूण म्हणून ते भिंतीवर लागू लागले.

२००३ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम हे दुकान आंतरजालावर उघडले. प्रथम ते तिच्याच खेळांची डागडुजी करण्यासाठी होते. काही वर्षांत इतरांचे खेळही तेथे विकले जाऊ लागले आणि खोके नावाची वस्तू हळूहळू नाहीशी झाली. खेळाच्या पानाच्या माथ्यावर एक शीर्षचित्र आले. त्याचे माप दीर्घकाळ ४६० पिक्सेल रुंद आणि २१५ पिक्सेल उंच असे होते. शोधयादीत तर खेळाला मिळणारी पट्टी दीर्घकाळ २३१ बाय ८७ पिक्सेलांची होती. पडद्यावर ती आगपेटीच्या कागदाहून फारशी मोठी दिसत नाही. स्पॉन ह्यांचे रणगाडे आणि विमाने त्या पट्टीत बसवू गेले तर माश्या बसल्यासारखे दिसेल.

ह्या आक्रसण्याने चित्रकलेचे व्याकरणच बदलले. आता खेळाचे नाव दुरून वाचता आले पाहिजे, म्हणून निम्मी जागा अक्षरांनी व्यापली. उरलेल्या जागेत एक चेहरा किंवा एक आकृती, मागे एक ठळक रंग. पार्श्वभूमीचा तपशील घालावा तर तो चिखल होतो. बारीक रेघ काढावी तर ती नाहीशी होते. जाणता चित्रकार हल्ली चित्र पूर्ण करण्याआधी ते लहान करून पाहतो आणि लहानपणी जे उरत नाही ते मोठेपणीही काढून टाकतो. विरोधाभास असा की आतला खेळ आता छायाचित्राला लाजविणारी दृश्ये दाखवू शकतो, आणि दारावरच्या चित्राला मात्र तळहाताएवढीही जागा राहिलेली नाही. १९७७ मध्ये दार भव्य होते आणि आत एक खोली होती. आता आत राजवाडा आहे आणि दाराच्या जागी किल्लीचे भोक आहे.

त्या भोकापुढची गर्दी वाढत गेली. २०१७ मध्ये स्टीमने १०० डॉलर भरून कोणालाही आपला खेळ विक्रीस ठेवण्याची मुभा दिली. २०२४ ह्या एका वर्षात तेथे १८ हजारांहून अधिक खेळ आले, म्हणजे रोज सरासरी पन्नास. दोनचार माणसांनी घरी बसून केलेल्या खेळाची जाहिरात करावयास पैसा कोठून येणार? त्याचा सगळा भार त्या शीर्षचित्रावर येतो. साहजिकच चित्रावर चिकटपट्ट्या चढू लागल्या. मिळालेली पारितोषिके, परीक्षकांनी दिलेले गुण, ‘किंमत निम्मी’ अशा घोषणा ह्यांनी मूळ चित्र झाकले जाऊ लागले. अखेर व्हॉल्व्हने १ सप्टेंबर २०२२ पासून नियम केला की ह्या चित्रांवर खेळाचे चित्र आणि खेळाचे नाव ह्यांवाचून दुसरे काहीही असू नये. नव्या भागाची वार्ता सांगावयाची असेल तर ती तेवढ्यापुरती लावता येते, पण महिन्याभरात उतरवावी लागते. दुकानाच्या पाटीवर काय असावे ह्याचा हा कायदा चित्रकारांना सुखावणारा ठरला, हे नमूद केले पाहिजे.

फसवणुकीचा जुना प्रश्न मात्र नियमाने सुटला नाही. गिल्डफर्ड ह्या इंग्लिश गावातील हॅलो गेम्स ह्या छोट्या कंपनीने २०१६ च्या ऑगस्टमध्ये ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ काढला. त्यात १८ ह्या आकड्यापुढे अठरा शून्ये मांडावीत इतके ग्रह होते, आणि तेथे जाणारे यान, तेथील प्राणी, एकमेकांना भेटणारे प्रवासी ह्यांविषयीच्या अपेक्षा त्याहूनही अफाट होत्या. खेळ हाती आल्यावर निराशेचा असा भडका उडाला की ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे त्या खेळाच्या स्टीमवरील पानाबद्दल २३ तक्रारी गेल्या. पानावरची चित्रे आणि चलच्चित्रे खेळात आढळतात काय, ह्याची तिने तपासणी केली आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय दिला की पान दिशाभूल करणारे नाही. कायद्याने सुटका झाली. ग्राहकांच्या मनातून मात्र झाली नाही. पुढे त्या कंपनीने जे केले ते ह्या धंद्यात विरळा. तिने वर्षानुवर्षे नवे भाग विनामूल्य दिले, २०१८ मध्ये प्रवाशांना एकमेकांबरोबर हिंडण्याची खरी सोय करून दिली, आणि नव्या भागांबरोबर दारावरचे चित्रही बदलत गेले. २०२४ च्या अखेरीस स्टीमवरील खेळाडूंचा एकूण अभिप्राय ‘अत्यंत अनुकूल’ ह्या पायरीवर पोहोचला. बाहेरच्या वाघाला गाठावयास आतल्या वाघाला आठ वर्षे लागली.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींची वाटचाल ह्याच गर्दीतून झाली. राजी ही मुलगी हाती त्रिशूळ घेऊन आपल्या हरवलेल्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघते, अशी त्यांच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ह्या खेळाची कथा. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडे आगाऊ वर्गणी मागितली, तेव्हा ठरविलेली रक्कम जमली नाही. खेळ अखेर २०२० मध्ये बाहेर आला. त्यातील भित्तिचित्रे पहाडी लघुचित्रांच्या वळणाची आहेत. लघुचित्र ही कला मुळात तळहाताएवढ्या कागदावर राजदरबार, अरण्य आणि पाऊस मावविण्याची. आगपेटीएवढ्या पट्टीत काय ठेवावे आणि काय गाळावे, हा प्रश्न कांगड्याच्या चिताऱ्यांपुढेही होताच. परदेशी चिलखतधाऱ्यांच्या रांगेत ही मुलगी जगभरच्या ग्राहकांच्या पडद्यावर उभी राहिली.

अलीकडे ह्या पट्टीत आणखी एक पाहुणा शिरला आहे. शब्दांत मागणी सांगितली की क्षणार्धात चित्र उभे करणारी यंत्रणा आता सर्वांच्या हाती आहे. तुटपुंज्या भांडवलाच्या निर्मात्याला तिचा मोह होणे स्वाभाविक आहे आणि चित्रकाराच्या पोटावर पाय येणेही तितकेच उघड आहे. जानेवारी २०२४ पासून स्टीमने अशा सामग्रीचा वापर झाला असल्यास तसे सांगणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. ग्राहकाला ते त्या खेळाच्या पानावर वाचता येते. स्पॉन आणि जेकेल ह्यांच्या काळात चित्र कोणी काढले हे खोक्यावर शोधूनही सापडत नसे. आता निदान ते माणसाने काढले की नाही, एवढे तरी विचारले जाऊ लागले आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अटारी हे नाव चालविणाऱ्या आजच्या कंपनीने जुन्या यंत्राची नवी आवृत्ती विक्रीस काढली. तिच्याबरोबर दहा खेळांचे एक कार्ट्रिज मिळते. त्यात ‘कॉम्बॅट’ आहे आणि ‘ॲडव्हेंचर’ही आहे. नव्या रुंद, लखलखीत पडद्यांवर रणगाडे अजून तसेच चौकोनी आहेत आणि ड्रॅगन अजून बदकच आहे. किल्ल्याच्या आत कोठेतरी पार्श्वभूमीच्याच रंगाचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा एक ठिपका पडलेला असतो. तो उचलून योग्य त्या भिंतीपाशी नेला की भिंत वाट देते, आणि पलीकडच्या दालनात वॉरन रॉबिनेट हे नाव उभ्या ओळीत, रंग बदलीत लुकलुकत असते.